संधिसाधू जंतू आणि बोथट झालेली शस्त्रे

‘संधिसाधू’ हा शब्द मराठीत बहुधा राजकारणी माणसाला उद्देशून वापरला जातो. ज्याचे स्वतःचे बळ बेताचेच, परंतु दुसऱ्याच्या दुबळेपणाचा क्षण अचूक हेरून जो आपला डाव साधतो, त्याला हे विशेषण लावण्याचा प्रघात आहे. वैद्यकशास्त्राने हाच शब्द जंतूंच्या एका वर्गासाठी स्वीकारला आणि तेथे तो राजकारणापेक्षाही अधिक चपखल बसला. पटकी, घटसर्प किंवा प्लेग यांचे जंतू हे उघड शत्रू होत. धडधाकट माणसालाही ते आडवे करतात. संधिसाधू जंतूंची रीत निराळी. ते माणसाच्या आतड्यात, त्वचेवर, घशात, न्हाणीघराच्या मोरीत, रुग्णालयातील नळाच्या तोंडाशी वर्षानुवर्षे निरुपद्रवीपणे नांदत असतात. निरोगी माणसाच्या वाटेस जाण्याची त्यांची प्राज्ञा नसते. मात्र शरीराचा पहारा ढिला पडला, की हेच शेजारी दरोडेखोर होतात.

‘शल्यक्रिया यशस्वी झाली, पण रोगी दगावला’ हे वाक्य आपल्याकडे चेष्टेने उच्चारले जाते. ज्या घरात ते प्रत्यक्ष ऐकावे लागते तेथे त्यात चेष्टेचा अंशही नसतो. पोटाची शस्त्रक्रिया बिनबोभाट पार पडते, नातेवाईक पेढे आणण्याच्या गोष्टी बोलू लागतात आणि चौथ्या-पाचव्या दिवशी रुग्णाला हुडहुडी भरते. रक्तदाब उतरतो, लघवी कमी होते, श्वासाला यंत्राचा आधार द्यावा लागतो. एक औषध लागू पडत नाही म्हणून दुसरे, दुसरे लागू पडत नाही म्हणून तिसरे आणावयास सांगितले जाते. अतिदक्षता विभागाच्या दाराशी बसलेला मुलगा हातातील चिठ्ठी आणि खिशातील पैसे यांचा मेळ घालीत राहतो. अखेर मृत्यूच्या दाखल्यावर मूळ आजाराचे नाव लिहिले जाते. ज्याने प्रत्यक्षात प्राण घेतला तो जंतू पुष्कळदा कागदोपत्री अनामिकच राहतो.

या जंतूंची नावे सामान्य वाचकाच्या कानांवरून क्वचितच गेलेली असतात. क्लेब्सिएला हा आतड्यातील रहिवासी. तो रक्तात, फुप्फुसात किंवा मूत्रमार्गात शिरला की अनर्थ करतो. स्यूडोमोनास हा ओलाव्याचा सोबती. मोऱ्या, नळ आणि श्वसनयंत्राच्या नळ्या ही त्याची आवडती ठिकाणे. ॲसिनेटोबॅक्टरचा चिवटपणा असा, की खाटेच्या कठड्यावर, कोरड्या पृष्ठभागावरही तो आठवडेच्या आठवडे तग धरतो. कातडीवर सर्वांच्याच असणारा स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस शिरेत बसविलेल्या नळीचा जिना करून रक्तात उतरतो. यांपैकी काहींना रोगाचा जंतू म्हणून पूर्वी फारसे कोणी मोजत नव्हते. आज रुग्णालयातील मृत्यूंच्या हिशेबात त्यांचा क्रमांक फार वरचा आहे.

प्रगतीने उघडलेली दारे

हा पालट घडून येण्याचे कारण मोठे चमत्कारिक आहे. वैद्यकशास्त्राच्या अपयशाने नव्हे, तर यशाने या जंतूंना सुगीचे दिवस आले. सातव्या महिन्यात जन्मलेले, जेमतेम किलोभर वजनाचे मूल पूर्वी जगतच नसे; आज ते जगते, परंतु काचेच्या पेटीत, नाकात नळी आणि नाळेच्या शिरेत सुई घेऊन. कर्करोगावरील औषधे गाठ वितळवितात, पण त्याबरोबर रक्तातील पांढऱ्या पेशींनाही काही दिवस जवळजवळ नाहीशा करतात. दुसऱ्याचे मूत्रपिंड शरीराने झिडकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती मुद्दाम दाबून ठेवावी लागते. श्वसनयंत्राची नळी घशातील नैसर्गिक पहारा ओलांडून थेट फुप्फुसाच्या दाराशी जाते. माणसाला वाचविण्यासाठी केलेली ही प्रत्येक युक्ती जंतूला एक दार उघडून देते.

त्यात भारतापुरती आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी १० लाख रुग्ण आहेत. अनियंत्रित मधुमेह हे संधिसाधू जंतूंना दिलेले खुले आमंत्रणच होय. २०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत महाराष्ट्राने ‘काळ्या बुरशी’चे जे थैमान पाहिले ते जिवाणूंचे नव्हे, बुरशीचे होते. परंतु त्यामागील तत्त्व हेच होते: वाढलेली साखर, स्टेरॉइडने दबलेली प्रतिकारशक्ती आणि एरवी मातीत गुमान पडून राहणारा एक क्षुद्र जीव.

तेव्हा आधुनिक वैद्यकाची ही सारी इमारत एका खांबावर उभी आहे आणि तो खांब म्हणजे प्रतिजैविके. जंतू शिरलाच तर औषधाने त्याला आवरता येईल या भरवशावरच शल्यविशारद पोट उघडतो आणि कर्करोगतज्ज्ञ पांढऱ्या पेशी खाली आणण्याचे धाडस करतो. हा भरवसा गेला तर शस्त्रक्रियेचे कौशल्य असूनही ती करण्यास हात धजणार नाही.

पेनिसिलिनपासून पिंपरीपर्यंत

अलेक्झांडर फ्लेमिंग यांना १९२८ साली लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात एका बशीतील बुरशीभोवती जंतू विरघळलेले दिसले, ही कथा शाळेच्या पुस्तकांतून सर्वांना ठाऊक आहे. तिचा उत्तरार्ध तितकासा ठाऊक नाही. ऑक्सफर्डमध्ये फ्लोरी आणि चेन यांनी ते द्रव्य औषधाच्या रूपात आणले आणि फेब्रुवारी १९४१ मध्ये एका पोलीस शिपायाला ते उपचार म्हणून प्रथम टोचण्यात आले. जंतूंनी पोखरलेला तो माणूस चार-पाच दिवसांत उठून जेवू लागला. परंतु औषधाचा साठाच संपला. त्याच्या लघवीतून औषध गाळून ते पुन्हा टोचण्यापर्यंत मजल गेली. तरीही ते पुरले नाही आणि मार्चमध्ये तो मरण पावला. औषध गुणकारी असूनही हाताशी नाही, म्हणून मृत्यू: प्रतिजैविकांच्या इतिहासाचा प्रारंभच अशा शोकांतिकेने झाला आहे.

त्याहूनही विलक्षण गोष्ट अशी, की चेन आणि त्यांचे सहकारी अब्राहम यांनी पेनिसिलिनचा नाश करणारे एक द्रव्य काही जंतू तयार करतात हे डिसेंबर १९४० मध्येच प्रसिद्ध केले होते. म्हणजे पहिला रुग्ण औषध घेण्यापूर्वीच जंतूंपाशी त्या औषधाचा तोड तयार होता! १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारताना फ्लेमिंग यांनी इशारा दिला, की हे औषध कोणालाही दुकानातून विकत घेता येईल असा काळ येईल आणि अपुऱ्या मात्रेने जंतू मरण्याऐवजी मुरब्बी होतील. द्रष्टेपणाची इतकी अचूक उदाहरणे विज्ञानाच्या इतिहासातही थोडीच सापडतील.

स्वतंत्र भारताने या औषधाचे मोल लवकर ओळखले होते. जागतिक आरोग्य संघटना आणि ‘युनिसेफ’ यांच्या मदतीने १९५४ साली पुण्याजवळ पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि पेनिसिलिन येथल्या मातीत तयार होऊ लागले. त्या कारखान्याकडे महाराष्ट्र अभिमानाने पाहात असे. पुढे तो डबघाईस आला, पण त्यामागील विचार आजही ताजा आहे. जीवरक्षक औषध ही केवळ बाजारातील जिन्नस नव्हे, ती सार्वजनिक ठेव आहे, असा तो विचार होता. दुर्दैव असे, की औषध मुबलक झाले आणि ठेवीची भावना मात्र विरून गेली.

उपचाराचे शास्त्र

संधिसाधू जंतूंवरील उपचार म्हणजे ‘जालीम औषध’ देणे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः हे शास्त्र पुष्कळ अधिक सूक्ष्म आहे. ज्या कर्करोग्याच्या पांढऱ्या पेशी घटल्या आहेत त्याला ताप आला तर तासाभराच्या आत प्रतिजैविक सुरू करावे लागते. जंतू कोणता हे प्रयोगशाळेतून कळण्यास दोन-तीन दिवस लागतात आणि तितका काळ तो रुग्ण वाट पाहू शकत नाही. म्हणून आधी रक्ताचा नमुना घ्यावयाचा, मग अनुभवाच्या आधारे स्यूडोमोनाससारख्या जंतूंनाही आवरील असे औषध द्यावयाचे आणि अहवाल हाती आला की ते बदलून नेमके, शक्य तितके साधे औषध ठेवावयाचे, असा क्रम आहे. या तिन्ही पायऱ्यांपैकी मधली पायरी सर्वत्र उत्साहाने चढली जाते. पहिली, म्हणजे नमुना घेणे, पुष्कळदा राहून जाते. आणि तिसरी, म्हणजे जोरकस औषध मागे घेणे, हिचा तर बहुतेक ठिकाणी विसरच पडतो. रुग्ण सुधारतो आहे ना, मग कशाला बदला, असा व्यवहारी सूर निघतो. पण हा व्यवहार उद्याच्या रुग्णाच्या खर्चाने चाललेला असतो.

दुसरी गोष्ट अशी, की केवळ औषधाने हे जंतू हटत नाहीत. शिरेतील नळीवर जंतू आपल्याभोवती चिकट थर विणून घेतात. त्या थरात औषध पुरेसे प्रभावी ठरत नाही. तेथे कितीही महागडे औषध ओतले तरी पुष्कळदा ती नळी काढून टाकणे हाच खरा उपचार ठरतो. गळवातील पू बाहेर काढल्याखेरीज औषधाचा उपयोग होत नाही. आणि औषध जंतूची वाढ रोखते किंवा त्यांची संख्या घटविते. उरलेल्यांचा निकाल शरीराच्या पेशींनीच लावावयाचा असतो. ज्याच्या अंगी त्या पेशीच नाहीत त्याची लढाई म्हणून इतकी बिकट.

अचूक निदानाला किती महत्त्व आहे हे मेलिऑइडोसिस या आजाराने दाखवून दिले आहे. त्याचा जंतू ओलसर मातीत आणि भातखाचरांच्या पाण्यात असतो. पावसाळ्यात अनवाणी राबणाऱ्या मधुमेही शेतकऱ्याला तो गाठतो. कर्नाटकाच्या किनारपट्टीवर तो वारंवार आढळला आहे आणि कोकण-गोव्याची माती व पाऊस त्याहून फार निराळे नाहीत. तो फुप्फुसात बसला की क्षयासारखा दिसतो आणि क्षयाचे औषध सुरू होते. त्याने काहीच साधत नाही. पेनिसिलिन आणि जेंटामायसिन यांना तो सहसा दाद देत नाही. सेफ्टाझिडिम किंवा मेरोपेनेम शिरेतून निदान दहा ते चौदा दिवस आणि त्यानंतर कोट्रायमोक्साझोलच्या साध्या गोळ्या किमान तीन महिने, हा त्यावरील उपचार आहे. औषधे बाजारात आहेत, ज्ञानही उपलब्ध आहे. उणीव असते ती नमुना तपासणाऱ्या प्रयोगशाळेची आणि हा आजार असू शकेल असा संशय घेणाऱ्या डॉक्टरची.

कधी कधी तर औषध हेच संधी निर्माण करते. प्रतिजैविकांच्या माऱ्याने आतड्यातील उपकारक जंतूंची वस्ती उठली, की क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल नावाचा जंतू त्या ओसाड जागेचा ताबा घेतो आणि जीवघेणा अतिसार सुरू होतो. उपचारासाठी आधीचे औषध शक्यतो थांबवावे लागते आणि तोंडावाटे व्हँकोमायसिन किंवा फिडाक्सोमायसिन द्यावे लागते. वारंवार उलटणाऱ्या या आजारात निरोगी माणसाच्या आतड्यातील जंतूंची वस्ती रुग्णाच्या आतड्यात पुन्हा बसविण्याचा उपाय नुसत्या औषधापेक्षा सरस ठरतो, हे २०१३ साली नेदरलँड्समधील एका चाचणीने सिद्ध केले. जंतूंचा निःपात म्हणजेच आरोग्य, या भाबड्या कल्पनेला याहून स्पष्ट उत्तर मिळणे कठीण आहे.

शस्त्रे बोथट कशी झाली

येथेच प्रतिकाराचे खरे मर्म दडलेले आहे. सर्दी-पडशासाठी, म्हणजे विषाणूंच्या आजारासाठी, कोणी प्रतिजैविक घेतले तर त्याचा सर्दीवर काहीही परिणाम होत नाही. परंतु त्या गोळीचा परिणाम होतच नाही असे नव्हे. तो आतड्यातील कोट्यवधी बघ्या जंतूंवर होतो. त्यांतील दुबळे मरतात, चिवट उरतात आणि वाढतात. हे उरलेले जंतू त्या माणसाला कसलाही त्रास देत नाहीत. दोन वर्षांनी त्याचेच पित्ताशय काढावयाची वेळ येते तेव्हा तेच जंतू शिकून-सवरून तयार असतात. शिवाय प्रतिकाराची ही विद्या ते एकमेकांना देऊ शकतात. औषधाचा तोड सांगणारा जनुकीय तुकडा एका जातीचा जंतू दुसऱ्या जातीच्या जंतूला बिनदिक्कत देऊन टाकतो. ज्ञानदानात इतके औदार्य मनुष्यजातीतही आढळत नाही.

२०१० साली या विद्येचे एक रूप जगाच्या वेशीवर टांगले गेले आणि त्यावर आपल्या राजधानीचे नाव होते. भारतीय वंशाच्या एका स्वीडिश नागरिकाला नवी दिल्लीत रुग्णालयात राहिल्यानंतर मायदेशी गेल्यावर मूत्रमार्गाचा संसर्ग आढळला; त्याच्या क्लेब्सिएला जंतूत कार्बापेनेम गटातील औषधांचाही फडशा पाडणारे एक द्रव्य सापडले. त्याला ‘न्यू डेल्ही’ असे नाव देण्यात आले आणि येथे संतापाची लाट उसळली. भारतातील स्वस्त वैद्यकीय उपचारांना बदनाम करण्याचा हा पाश्चात्त्यांचा कट आहे, असे आरोप झाले, संसदेत आवाज उठला. नावाबद्दलची तक्रार अगदीच अनाठायी नव्हती. रोगाला शहराचे नाव चिकटविणे असभ्यपणाचेच होय. परंतु त्या गदारोळात एक गोष्ट झाकली गेली. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी भारतीय वैद्यकीय नियतकालिकातच लिहिले होते, की कार्बापेनेमला न जुमानणाऱ्या २४ जंतूंपैकी २२ जंतूंत हे द्रव्य आढळले. परदेशी निबंधाच्या लेखकांत अग्रस्थानी असलेला संशोधकही भारतीयच होता. पुढे २०११ साली दिल्लीतील नळाच्या पाण्याच्या ५० नमुन्यांपैकी दोनांत आणि रस्त्यावर साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ नमुन्यांत त्याचा जनुक मिळाला. आरशावर रागावून चेहरा बदलत नाही, हे तेव्हाच ध्यानात घ्यावयास हवे होते.

कार्बापेनेम गेल्यावर डॉक्टरांना कोलिस्टिनची आठवण झाली. १९४० च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये सापडलेले हे औषध मूत्रपिंडांना अपाय करते म्हणून १९७० च्या दशकात अडगळीत टाकले गेले होते. जुन्या पेटीतील गंजका भाला युद्धात पुन्हा उपसावा तसे ते बाहेर काढावे लागले. आणि ज्या औषधावर मरणासन्न रुग्णांची शेवटची आशा विसंबली होती, तेच कोंबड्यांना वजन वाढावे म्हणून खाद्यातून दिले जात होते! कोलिस्टिनला दाद न देण्याची विद्या जंतू एकमेकांना देऊ लागल्याचे २०१५ साली चीनमधून जाहीर झाले. भारत सरकारने जनावरांसाठी या औषधाच्या वापरावर जुलै २०१९ मध्ये बंदी घातली. निर्णय योग्य होता. तो येण्यास मात्र विलंब झाला.

या सर्वांची किंमत कोण मोजतो हे काही आकडे सांगतात. दिल्लीच्या तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात नवजात बालकांची पाहणी झाली. रक्तात जंतू सापडलेल्या बालकांत सर्वांत अधिक प्रमाण ॲसिनेटोबॅक्टरचे होते आणि त्या जंतूंपैकी ८२ टक्के अनेक औषधांना दाद न देणारे होते. ज्यांनी आयुष्यात एकही गोळी घेतलेली नाही अशा जीवांना इतरांच्या गैरवापराचा दंड भरावा लागत आहे. कोरोनाच्या काळात, २०२० साली, दहा रुग्णालयांतील १७ हजारांहून अधिक रुग्णांची माहिती पाहता त्यांपैकी ३.६ टक्के रुग्णांना दुसरा संसर्ग जडला होता. त्यांच्यातील मृत्यूचे प्रमाण ५६.७ टक्के होते. तेथेही क्लेब्सिएला आणि ॲसिनेटोबॅक्टर हेच आघाडीवर होते. प्रतिकारक्षम जंतूंमुळे २०१९ या एका वर्षात जगात थेट १२ लाख ७० हजार मृत्यू झाल्याचा अंदाज आहे आणि त्यांत भारताचा वाटा तीन लाखांच्या घरात आहे.

दोष कोणाचा?

अशा वेळी दोषाचे माप एखाद्याच्या पदरात टाकून मोकळे होणे सोपे असते. डॉक्टर म्हणतात, रुग्ण गोळीचाच आग्रह धरतो. रुग्ण म्हणतो, डॉक्टर तपासणीशिवाय गोळी देतात. दुकानदार म्हणतो, आपण न दिली तर पलीकडचा देईल. तिघांचेही म्हणणे खरे आहे आणि म्हणूनच ते क्षम्य नाही. कायदा नाही असे नव्हे. १ मार्च २०१४ पासून ‘एच-१’ ही अनुसूची अंमलात आहे. तिच्यातील औषधे, त्यांत कार्बापेनेम आणि तिसऱ्या-चौथ्या पिढीतील सेफॅलोस्पोरिन येतात, चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत आणि विक्रेत्याने रुग्ण व डॉक्टर यांच्या नावांची नोंदवही तीन वर्षे जपावयाची असते. किती दुकानांतील नोंदवह्या खरोखर तपासल्या जातात, हा प्रश्न कोणत्याही तालुक्याच्या गावी विचारून पाहावा. केरळने २०१८ साली स्वतःची कृतियोजना आखली आणि २०२४ पासून चिठ्ठीविना होणाऱ्या विक्रीविरुद्ध मोहीम उघडली; इच्छा असली तर राज्य सरकारला हे जमते, एवढे त्यावरून दिसते.

परंतु कडक कायद्याच्या पुरस्कर्त्यांनी दुसरी बाजूही विसरता कामा नये. ज्या वाडीवर डॉक्टरच नाही तेथे चिठ्ठीची सक्ती म्हणजे औषधाची बंदी ठरू शकते. न्युमोनिया झालेल्या मुलाला साधे अमॉक्सिसिलिन वेळेवर न मिळाल्याने होणारा मृत्यू हाही मृत्यूच. अतिवापर आणि अभाव ही या देशात जुळी भावंडे आहेत. एप्रिल २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, आठ देशांच्या अभ्यासात असे आढळले, की कार्बापेनेमला न जुमानणाऱ्या जंतूंनी आजारी पडलेल्या भारतीय रुग्णांपैकी आठ टक्क्यांहूनही कमी रुग्णांना योग्य प्रतिजैविक मिळाले असावे. म्हणजे नको तेथे औषधाचा पूर आणि हवे तेथे दुष्काळ! यावर उपाय औषधाचे रेशनिंग हा नव्हे. सरकारी दवाखान्यात डॉक्टर बसविणे हा आहे.

नवी औषधे येतील आणि प्रश्न सुटेल, ही आशा पूर्णपणे खोटी नाही. ॲसिनेटोबॅक्टरवरील सल्बॅक्टम आणि ड्युर्लोबॅक्टम यांच्या जोडीला अमेरिकेत २०२३ साली मान्यता मिळाली. चेन्नईच्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत जन्मलेल्या एन्मेटाझोबॅक्टमचा समावेश असलेल्या औषधाला २०२४ साली तेथे परवानगी मिळाली, ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु प्रतिजैविकाचे अर्थशास्त्रच उफराटे आहे. मधुमेहाची गोळी जन्मभर खपते; उत्तम प्रतिजैविक मात्र शक्य तितके कमी वापरावे, अशीच अपेक्षा असते. अमेरिकेतील एका कंपनीला २०१८ साली नव्या प्रतिजैविकाची मान्यता मिळाली आणि पुढच्याच वर्षी तिने दिवाळे जाहीर केले. अशा संशोधनास सार्वजनिक पैशाचा आधार लागेल, बाजाराच्या मर्जीवर ते सोडता येणार नाही. पिंपरीचा जुना विचार येथे पुन्हा आठवावा लागतो.

संधी नाकारणे

तरीही मुख्य गोष्ट औषधाबाहेरच आहे. संधिसाधूचा बंदोबस्त त्याच्यापेक्षा जालीम शस्त्र शोधून होत नसतो. त्याला संधी न देण्याने होतो. व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस यांनी १८४७ साली डॉक्टरांना हात धुण्यास लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू घटले. तेव्हा एकही प्रतिजैविक अस्तित्वात नव्हते. अमेरिकेतील मिशिगन राज्यात सुमारे शंभर अतिदक्षता विभागांनी पाच साध्या गोष्टी पाळण्याचे ठरविले: हात धुणे, नळी बसविताना पूर्ण निर्जंतुक आच्छादन वापरणे, कातडी क्लोरहेक्झिडिनने पुसणे, जांघेतील शीर टाळणे आणि गरज संपताच नळी काढणे. दीड वर्षात रक्तातील संसर्ग दोन-तृतीयांशांनी घटल्याचे २००६ साली प्रसिद्ध झाले. यांत कोणतेही यंत्र नव्हते, होती ती शिस्त.

मात्र शिस्तीसाठीही माणसे लागतात. एका परिचारिकेकडे दहा-बारा अत्यवस्थ रुग्ण सोपवावयाचे आणि प्रत्येक स्पर्शानंतर तिने हात धुवावेत अशी पाटी लावावयाची, ही निव्वळ फसवणूक होय. परिचारिकांची रिकामी पदे भरणे हाच संसर्गाविरुद्धचा एक उपचार आहे, असे आरोग्यखात्याच्या अंदाजपत्रकात मानले जावयास हवे. प्रत्येक जिल्हा रुग्णालयात जंतूंची तपासणी करणारी, रविवारीही चालणारी प्रयोगशाळा हवी. कोणत्या औषधाला कोणता जंतू दाद देतो याचा तक्ता प्रत्येक मोठ्या रुग्णालयाने दरवर्षी जाहीर करावयास हवा. खासगी रुग्णालयेही यातून सुटता कामा नयेत. औषधी कारखान्यांच्या सांडपाण्याचीही झडती घ्यावयास हवी, कारण हैदराबादजवळ पटांचेरू येथील प्रक्रिया-केंद्राच्या पाण्यातही सिप्रोफ्लॉक्सासिन प्रचंड प्रमाणात आढळल्याचे २००७ सालीच जगापुढे आले आहे.

औषधाच्या दिवसांबाबतही नवे ज्ञान स्वीकारावे लागेल. रक्तातील जंतुसंसर्गाच्या ३६०० हून अधिक रुग्णांवर सात देशांत झालेल्या चाचणीत सात दिवसांचा उपचार चौदा दिवसांच्या उपचाराहून उणा ठरला नाही, असे २०२४ साली दिसून आले. प्रतिकारशक्ती फार खालावलेले रुग्ण त्या चाचणीत नव्हते, तेव्हा हा नियम सर्वांस सरसकट लावता येणार नाही. परंतु ‘जास्त दिवस म्हणजे जास्त चांगले’ हा समज मागे टाकण्यास तो पुरेसा आहे. औषध केव्हा थांबवावे हे रुग्णाने मनाने ठरवू नये आणि डॉक्टरनेही सवयीने लांबवू नये, एवढाच याचा अर्थ.

राष्ट्रीय कृतियोजना २०१७ साली आली, तिची मुदत संपली आणि दुसरीही जाहीर झाली. योजनांची उणीव या देशाला कधीच भासलेली नाही. उणीव आहे ती एका जाणिवेची. इतर औषधांचा गैरवापर करणारा मुख्यतः स्वतःचे नुकसान करतो. प्रतिजैविकाचा गैरवापर करणारा अनोळखी माणसाच्या औषधातील गुण कमी करतो. कचेरीत रजा वाचावी म्हणून कारकुनाने उगाच घेतलेली गोळी आणि काचेच्या पेटीतील किलोभर वजनाचे मूल यांचा संबंध सहजी दिसत नाही, पण तो आहे. दुष्काळी गावात विहिरीचे पाणी उपसताना शेजाऱ्याचा विचार करावा लागतो. हे औषधही त्या विहिरीसारखेच आहे. १९४१ साली ऑक्सफर्डमध्ये एक शिपाई औषध संपल्यामुळे मेला. आज तेच औषध दुकाने भरभरून पडले आहे आणि तरीही, ते संपल्यासारखीच माणसे मरत आहेत. त्या शिपायाच्या वेळी विज्ञान अपुरे पडले होते. आज अपुरा पडतो आहे तो विवेक, आणि तो कोणत्याही कारखान्यात तयार होत नाही.